पुस्तक फाटलं तर फाटू दे

पुस्तकाला पाय लागला की आपला हात आधी पुस्तकाला आणि मग कपाळाला जातो. साठी उलटली तरी माझा अजून जातो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, तिच्यापुढं पुस्तकं मांडायची, झेंडूची फुलं वाहायची; आणि पुस्तकं पूजेत अडकल्यामुळं त्या दिवशी अभ्यासाला हक्काची सुट्टी. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण या आदराची पावती घरात कुणाच्या नावानं फाटते, ते एकदा बघायला हवं. दीड वर्षाच्या पोरीनं टीपॉयवरच्या पुस्तकाकडं हात नेला रे नेला की चार माणसं एका सुरात ओरडतात, "अगं फाडेल ती, घे तिच्याकडनं!" पुस्तक कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातं. पोरगी भोकाड पसरते. मग तिला गप्प करायला वीस हजारांचा मोबाईल तिच्या हातात दिला जातो, आणि तो काही तिला फाडता येत नाही म्हणून सगळे निर्धास्त.

आपल्या बहुतेक मुलांना स्वतःचं असं पहिलं पुस्तक मिळतं ते पहिलीत, बालभारतीचं. त्यालाही आल्या आल्या खाकी कव्हर चढतं आणि वर नाव, इयत्ता, तुकडीची चिठ्ठी. म्हणजे पुस्तक आयुष्यात येतं तेच मुळी गृहपाठाला सोबत घेऊन. त्याआधीची सहा वर्षं कोरी. मला जे काही म्हणायचंय ते या सहा वर्षांबद्दल.

आम्ही चार-पाच जणी, सगळ्या बँकेतून निवृत्त झालेल्या, लहान मुलांपर्यंत पुस्तकं पोचवायच्या भानगडीत पडलो ते पुरामुळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी आहे 45 फूट. आम्ही गावभागातले लोक 2005 चा पूर पाहिलेले, त्यामुळं त्या वेळच्या खुणेच्या हिशेबानं सामान वर चढवलं होतं. पाण्यानं तो हिशेब मानला नाही. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, तिथं आमच्या घरातल्या चार फळ्यांचं काय घेऊन बसायचं! एक मात्र तेव्हा कळलं. साध्या कागदाची कादंबरी भिजली तर गच्चीवर वाळवून, फुगलेली, पिवळी पडलेली का होईना, वाचता तरी येते. लहान मुलांची रंगीत पुस्तकं असतात गुळगुळीत आर्ट पेपरवर. ती एकदा भिजून वाळली की पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुस्तकाची वीट होते. म्हणजे पुरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्की गेली ती पोरांची पुस्तकं.

पाणी ओसरल्यावर महाराष्ट्रभरातून मदत आली. ती विसरणं शक्य नाही. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी, साड्या. आणि जरा उशिरानं पुस्तकांची पोती. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये जाजम अंथरून आम्ही ती निवडायला बसलो, गहू निवडायला बसतात तशा. काय निघालं म्हणता? दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, तेही अभ्यासक्रम बदलून गेलेले. आयकराचे जुने तक्ते. स्पर्धा परीक्षांचे ठोकळे. अर्ध्या लिहिलेल्या डायऱ्या, त्यात दुधाचा हिशेब. मुखपृष्ठ नसलेले दिवाळी अंक. एका पोत्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा, बहुधा पोतं जरा भरलेलं दिसावं म्हणून. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. घरातलं पुस्तक रद्दीत घालायला आपला जीव होत नाही. दान केलं की तोच निरोप पुण्यवान होतो. पण लहान मुलांना पुस्तकं द्यायची म्हणजे आपला माळा मोकळा करायचा, ही समजूत एकदा सोडायला हवी.

त्या सगळ्या ढिगात तीन-चार वर्षांच्या मुलांजोगी पुस्तकं एका टोपलीत मावतील एवढीच निघाली. त्यातली निम्मी कोरी करकरीत, कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेली आणि कपाटातच राहिलेली. उरलेल्या निम्म्यांचे कोपरे चावलेले, पानांवर बॉलपेननं गोल-गोल रेघोट्या, सिंहाला मिशा, बांधणीला चिकटपट्टी. मैत्रीण म्हणाली, "ही खराब झालेली बाजूला काढू या." बाजूला काढली, पण टाकायला नाही. चावलेल्या पुस्तकांची आम्ही यादी केली आणि त्याच पुस्तकांच्या नव्या प्रती मागवल्या. कुठलं पुस्तक पोरांना आवडतं हे सांगायला दातांच्या खुणांपेक्षा भरवशाचा साक्षीदार मला तरी अजून भेटलेला नाही. बक्षीस मिळालेली, जाणकारांनी वाखाणलेली काही पुस्तकं त्या यादीत नव्हती, याची मी नोंद घेतली. त्यावर फार भाष्य करत नाही.

पुढची अडचण कुलपाची. एका शाळेत पुस्तकं दिली आणि दोन महिन्यांनी सहज डोकावले, तर सगळी काचेच्या कपाटात, उंचीप्रमाणे लावलेली, खाली लेबल. बाई म्हणाल्या, "ताई, नोंद केलीय ना. एक जरी कमी निघालं तर जबाब मलाच द्यायचाय." त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. किल्ली ज्याच्या कमरेला, जबाबदारी त्याच्या डोक्यावर, हे मला कुणी शिकवायला नको. रजिस्टरमध्ये टेबल, खुर्ची, पंखा आणि चित्रांचं पुस्तक एकाच रकान्यात बसवलं की पुस्तकाचं फर्निचर होणारच. पंखा दहा वर्षं टिकला पाहिजे हे खरं. चार वर्षांच्या मुलाच्या हातातलं पुस्तक दहा वर्षं टिकलं असेल, तर ते त्याच्या हातात कधी गेलंच नाही.

म्हणून आम्ही एक रबरी शिक्का करून घेतला. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो मारतो: 'नोंद नाही. फाटलं, हरवलं, कुणी घरी नेलं तरी चालेल.' शिक्का करून देणाऱ्यानं मजकूर वाचून विचारलं, नक्की हेच ना? हेच. त्या एका शिक्क्यानं जेवढी कपाटं उघडली, तेवढी आमच्या भाषणांनी उघडली नसती. अंगणवाडीच्या सेविका तर सुटकेचा निःश्वास टाकतात. वजनाच्या नोंदी, उंचीच्या नोंदी, मोबाईलमध्ये भरायची माहिती, पोषण आहार. त्यात पुस्तकांचा हिशेब आणखी कुणाला हवाय?

पण नुसती कुलपं काढून भागत नाही, हेही लवकरच दिसलं. उघड्यावर ठेवलेलं पुस्तक मूल उचलतं, चाळतं, डोक्यावर ठेवतं, त्याचं घर करतं आणि सोडून देतं. त्या वयात पुस्तक आपण होऊन बोलत नाही. त्याला कुणीतरी आवाज द्यावा लागतो. मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस शेजारी बसलं की तेच मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा आणून मांडीवर आपटतं, "परत!"

या 'परत'मध्ये काय काय घडत असतं याचा मी माझ्या परीनं विचार केलाय. आपल्या लिपीचंच बघा. चौतीस-पस्तीस व्यंजनं, त्यांची बाराखडी मांडली की चारशेच्या वर आकार झाले, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. त्यात पहिली वेलांटी अशी खट्याळ, की बोलताना अक्षराच्या मागून येते आणि लिहिताना पुढं येऊन उभी राहते. सहाव्या वर्षी हे सगळं एकदम अंगावर आलं, आणि ते कशासाठी शिकायचं हेच ठाऊक नसलं, तर मूल बिचकणारच. ज्याला आधी शंभरदा कुणी वाचून दाखवलंय, त्याला एवढं तरी माहीत असतं की या काळ्या किड्यामुंग्यांत बैल, पाऊस, राक्षस दडलेले आहेत, ओळ डावीकडून उजवीकडं जाते, पान उलटल्यावर गोष्ट पुढं सरकते, आणि आजी आज वाचते तेच शब्द उद्याही तिथंच असतात. शिवाय घरातलं बोलणं म्हणजे बरंचसं 'ये, जेव, झोप, हात धू.' 'घनदाट', 'गुपचूप', 'एकदाचा' असले शब्द बाळाच्या कानावर पडतात ते गोष्टीतच.

ग्रामीण भारतातल्या मुलांची दरवर्षी-दोन वर्षांनी पाहणी करणारा 'असर' अहवाल आहे. तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, करोनानंतर 2022 मध्ये 20.5 टक्के आणि 2024 मध्ये 27.1 टक्के. म्हणजे खड्ड्यातून वर आलो आणि जिथं होतो तिथं उभे राहिलो. चारातली जेमतेम एक पोर. यावर उपाय म्हणून सगळ्यांचं लक्ष पहिली-दुसरीवर, आणि ते हवंच. पण पेरणी त्याच्या आधीची असते.

अमेरिकेत 1989 साली बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट सुरू केली. बाळ तपासणीला आलं की औषधाबरोबर एक पुस्तक द्यायचं, आणि ते कसं वाचून दाखवायचं हे आईबापांना तिथंच करून दाखवायचं. शाळेत न जाणारं मूलही डॉक्टरकडं येतंच, एवढा सरळ विचार त्यामागं होता. 'रीच आउट अँड रीड' या नावानं ते काम पुढं तिथं देशभर पसरलं. आमच्या ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वेटिंगमधल्या जुन्या मासिकांची उचलबांगडी केली आणि तिथं आमचं खोकं ठेवलं. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्या आता त्याच्या हातात पुस्तक देऊन गंमत बघतात. बाळ ते नीट धरतं का, तोंडात घालतं का, चित्राकडं बघतं का, आईकडं वळून बघतं का. "एका पुस्तकात माझी अर्धी तपासणी होते," त्या म्हणतात. आणि तोंडात घातलं तर? "नवव्या महिन्यात घालायलाच पाहिजे. नाही घातलं तर मला काळजी."

दिवाळी झाली की आपल्याकडं साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. सांगलीजवळच्या एका गावाबाहेर बैलगाडीवाल्यांच्या कोप्या पडतात. पाचट, बांबू, वर ताडपत्री. पहाटे अंधारात नवरा-बायको फडात जातात. मोठं पोरगं धाकट्याला सांभाळतं आणि त्याच्या शाळेचं काय होतं ते सांगायला नको. आम्ही रविवारी दुपारी चारच्या सुमाराला जातो, बायका परत येऊन चुली पेटवायच्या वेळेला.

तिथं एकदा मी एका बैलाचं पुस्तक वाचत होते. पानावर ओळ एकच, चित्र मोठं. एक बैल एकटाच फिरायला निघतो. समोर चारेक वर्षांची पोर, कडेवर भाऊ. तो तिच्यापेक्षा थोडासाच लहान. तिनं चित्रावर बोट ठेवलं.

"ह्याला येसण कामून न्हाई?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चित्रकारानं बैलाला छान निळे डोळे दिले होते, वेसण दिली नव्हती. पोरीचा थोरला भाऊ सहा-सात वर्षांचा, तो करवादला, "चित्रातला बैल हाय, येडे. त्याला कशाला येसण?"

तिनं जरा विचार केला. "मंग त्यो पळून जाईन."

मी पान उलटलं. बैल जंगलात शिरला होता.

आता हे वाचन कुणाचं म्हणायचं? अक्षर एकही न येणाऱ्या पोरीनं चित्रातली एक उणीव हेरली आणि पुढचं पान उलटायच्या आधीच ओळखलं. पुढं मी वाचायचं जवळजवळ थांबवलं आणि विचारत सुटले, आता कुठं जाईल, काय खाईल, रात्री झोपेल कुठं. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: मोठ्यांनी घडाघडा वाचण्यापेक्षा मधे मधे प्रश्न विचारून मुलालाच बोलतं केलं, तर त्याची भाषा जास्त वाढते. आपल्या कथाकथनाच्या थाटात नेमकी हीच अडचण आहे. हातवारे, आवाज, नाट्य सगळं झकास. पण मुलांनी मधे बोललं की आपल्याला राग येतो. "आधी गोष्ट पूर्ण ऐका, मग विचारा." बालवाचनात याच्याइतकं उलटं वाक्य नसेल.

त्या पोरीची आई भाकरी थापत सगळं ऐकत होती. निघताना पुस्तक तिच्याकडं दिलं तर ती मागं सरकली. "मला कुठं येतंय ताई वाचाया." म्हटलं, चित्र सांगा. तिनं पदराला हात पुसला, पुस्तक घेतलं आणि उघडलं ते नेमकं शेवटचं पान, बैल गोठ्यात परत आलेला. झालं, तिचा बैल घरून निघालाच नाही. तिनं गोष्ट सुरू केली ती त्यांच्या स्वतःच्या सर्ज्याची. मुकादमाकडून घेतलेली उचल, बाजारातली घासाघीस, ओढ्यातून येताना बसकण मारलेला बैल आणि त्याला उठवायला काय काय केलं ते. पोरं ओरडायला लागली, "न्हाई माय, आधी जंगलात जातो त्यो!" पण ऐकत होती कान देऊन. ही गोष्ट पुस्तकात कुठंच नव्हती, आणि पुस्तक नसतं तर त्या दिवशी चुलीपाशी ती निघालीही नसती.

पुढच्या फेरीला पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलेलं. बैलाचं एक पान सुटून कोपीच्या बांबूत खोचलेलं. उरलेलं पुस्तक शेजारच्या कोपीत कुणाच्या तरी उशाखाली. मैत्रिणीला हळहळ वाटली, मला तरी वाटली नाही. मार्चनंतर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की या कोप्या उठतात, संसार ट्रकमध्ये चढतो. त्या पसाऱ्यात आमची पुस्तकं किती परत गेली याचा हिशेब आम्ही ठेवत नाही. शिक्क्यावर तसं लिहिलंच आहे.

मुलं जिथं असतील तिथं जायचं, हा विचार काही आमचा नव्हे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढं 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं हेच केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, आणि खेळणी म्हणजे शंख, शिंपले, बिया, पानं. आज गावोगावच्या अंगणवाडीच्या पाटीवरचं नाव त्याच वाटेनं आलंय. साताऱ्याकडं भिलारला 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव उभं आहे, तिथंही मला आवडलं ते हेच, की पुस्तकं कुठल्या सरकारी इमारतीत नाहीत, लोकांच्या घरात आहेत. पडवीत बसा, वाचा. शेजारची दोन पोरं घेऊन गेले होते. त्यांनी मात्र पुस्तकांपेक्षा स्ट्रॉबेरीत जास्त रस घेतला. ठीक आहे.

आता जून तोंडावर आलाय आणि 'आमच्याकडं पुस्तकं आहेत, कुठं आणून देऊ' असे फोन सुरू होतील. त्यांना आधीच सांगून ठेवते. प्रश्नसंच नकोत, इंग्रजी शब्दकोश नकोत, बोधकथांचे बारीक टायपातले संग्रह तर मुळीच नकोत. पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र असेल तर द्या. आपल्या मुलांनी रंगवलेलं असेल तर जरूर द्या. पुस्तकं नसतील तर रविवारची दुपार द्या. वाचायला माणसं आम्हाला पुस्तकांपेक्षा जास्त कमी पडतात. चांगलं वाचता आलं पाहिजे असं नाही, मुलांनी मधे बोललेलं चाललं पाहिजे. नातवंडं पुण्याला किंवा परदेशात असलेली आजी-आजोबा मंडळी सांगलीत गल्लोगल्ली आहेत, त्यांनी तर यावंच.

एक गोष्ट मात्र मागूनही मिळत नाही. दीड-दोन वर्षांच्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेली पुस्तकं इंग्रजीत हवी तेवढी आहेत. मराठीत ती शोधावी लागतात आणि सापडली तर किंमत अशी की अंगणवाडीला डझनभर द्यायची तर आमचा महिन्याचा निधी संपतो. सध्या आम्ही प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी उतरवून घेतो, रंगीत प्रिंट काढतो, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन आणि स्पायरल करून घेतो. लाळ पुसता येते, पाणी लागलं तर चिकटत नाही, आणि आमच्या गावात पाण्याचा विचार करावाच लागतो. पण लॅमिनेशनचे कोपरे टोकदार असतात, ते एकेक करून कात्रीनं गोल करावे लागतात. ते काम माझ्याकडं आहे. एखाद्या मराठी प्रकाशकानं पुठ्ठ्याच्या पुस्तकांचं मनावर घेतलं तर पहिल्या आवृत्तीतली खोकी उचलायला आम्ही तयार आहोत, रोख पैसे देऊन.